औषधाचा गुण ओसरतो तेव्हां

विषाद हा शब्द आपणां मराठी माणसांस गीतेमुळें परिचयाचा आहे. तिच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. परंतु अर्जुनाच्या विषादाला डोळ्यांसमोर उभें असें कारण होतें, तो त्याला शब्दांनीं सांगतां येत होता, आणि उपदेशानें तो दूर झाला. आज ज्याविषयीं मला बोलावयाचें आहे तो विषाद या जातीचा नव्हे. डॉक्टर लोक त्याला डिप्रेशन म्हणतात; मी सोयीसाठीं विषादरोग म्हणेन. या रोगांत आठवडेच्या आठवडे झोप लागत नाहीं, अन्नावरची वासना उडते, साधें काम हातून उरकत नाहीं, मन स्वतःलाच दोष देत बसतें, आणि कित्येकदां जीव नकोसा होतो. तेथें उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या रोगावर गोळी सांपडल्याला आतां जवळजवळ सत्तर वर्षें होत आलीं. आणि या सत्तर वर्षांत डॉक्टरांच्या कानीं एक तक्रार पुन्हां पुन्हां आलेली आहे: ‘पहिल्यानें या गोळीनें चांगला गुण आला, आतां तीच गोळी घेतों, पण गुण येत नाहीं.’

असें कां व्हावें? आपल्याकडे या प्रश्नाचें उत्तर तयार असतें. ‘शरीराला सवय झाली,’ असें म्हणून लोक मोकळे होतात. अफूचें उदाहरण सर्वांच्या मनांत असतें: अफूबाजाला आज गुंजभर पुरते, कांहीं महिन्यांनीं तिच्या कितीतरी पट लागते. विषादरोगावरची गोळीहि त्याच वाटेनें जाणारी, असा समज होऊन बसला आहे. हा समज कितपत खरा, हें ठरवावयाचें तर या गोळ्यांचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे; कारण त्या ज्या रीतीनें माणसाच्या हातीं लागल्या, त्या रीतींतच पुढील गोंधळाचें मूळ आहे.

त्या कोणी शोधावयास गेलें म्हणून सांपडल्या नाहींत. न्यूयॉर्क शहराचा भाग असलेल्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नांवाचें क्षयरोग्यांचें मोठें रुग्णालय होतें. तेथें १९५१-५२ च्या सुमारास आयसोनियाझिड व आयप्रोनियाझिड हीं दोन नवीं औषधें क्षयावर देऊन पाहण्यांत आलीं. महिनोन् महिने खाटेला खिळलेलीं माणसें भुकेनें जेवूं लागलीं, हंसूं-बोलूं लागलीं. वॉर्डांत नाचणाऱ्या रोग्यांचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत छापून आलीं. क्षय हटूं लागल्याचा आनंद, असा याचा अर्थ त्या वेळीं करण्यांत आला, आणि तो अगदींच चुकीचा होता असेंहि नाहीं. पण १९५२ सालींच झेलर या शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, आयप्रोनियाझिड हें शरीरांतील एका एन्झाइमाला अडवितें. या एन्झाइमाचें नांव मोनोअमाइन ऑक्सिडेज. मज्जातंतूंमधून निरोप पोहोंचविणारीं जीं कांहीं द्रव्यें आहेत, त्यांतील नॉरॲड्रेनलिन व सिरोटोनिन यांसारख्यांचा नाश करणें हें त्याचें काम. पुढें १९५७ सालीं नेथन क्लाइन व त्यांचे सहकारी यांनीं हें औषध क्षय नसलेल्या, केवळ मनानें खचलेल्या रोग्यांस दिलें, आणि पुष्कळांस गुण आल्याचें जाहीर केलें. औषध बाजारांत क्षयासाठीं आधींच होतें. डॉक्टरांनीं तें भराभर लिहून देण्यास आरंभ केला. कांहीं रोग्यांस त्यापासून कावीळ झाली, आणि १९६१ सालीं अमेरिकेंत तें मागें घ्यावें लागलें.

दुसरी कथा स्वित्झर्लंडमधील. तेथें कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं म्युन्स्टरलिंगेन म्हणून गांव आहे. तेथील मनोरुग्णालयांत रोलांड कून हे डॉक्टर होते. बाझल येथील गायगी या औषधाच्या कंपनीनें एक नवें रसायन त्यांच्याकडे परीक्षेसाठीं पाठविलें. त्याला नांवहि नव्हतें, नुसता आंकडा होता. स्किझोफ्रेनियावर तें चालेल अशी कंपनीची अटकळ. तेथें तें चाललें नाहीं. एखाद्या उतावळ्या माणसानें बाटली फडताळांत ठेवून दिली असती. कून यांनीं मात्र १९५६ च्या जानेवारींत तें विषादरोग्यांस देऊन पाहिलें, रोज त्यांच्याजवळ बसून त्यांचें बोलणें ऐकलें, आणि कांहीं आठवड्यांत माणसें पूर्वपदावर येतांना पाहिलीं. १९५७ च्या सप्टेंबरांत झ्यूरिचच्या जागतिक परिषदेंत त्यांनीं हा वृत्तांत वाचला, तेव्हां समोर जेमतेम डझनभर मंडळी होती. पुढील वर्षीं तें औषध इमिप्रामिन या नांवानें प्रसिद्धीस आलें. मला या गृहस्थांविषयीं विशेष आदर वाटतो तो त्यांनीं त्या आनंदांतहि नमूद करून ठेवलेल्या एका गोष्टीसाठीं: गोळी लौकर थांबविली तर रोग परत येतो. म्हणजे गोळीनें रोग दबतो. तो मुळापासून गेला असें समजूं नये.

तिसरा धागा आपल्या मुंबईचा आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांना जुनी माहितीची. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्मादावर व रक्तदाबावर तिचा होणारा उपयोग लिहून प्रसिद्ध केला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं इंग्लंडांतील हृदयरोगविषयक नियतकालिकांत छापला, आणि जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं बाझल येथेंच, पण सीबा या दुसऱ्या कंपनींत, तिच्यांतून रिझर्पिन हें सत्त्व वेगळें काढण्यांत आलें. रक्तदाबासाठीं हें सत्त्व घेणाऱ्यांपैकीं कांहीं जणांस दारुण विषाद होतो, असे वृत्तांत लौकरच येऊं लागले. १९५५ सालीं अमेरिकेंत ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनीं जनावरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, रिझर्पिनामुळें मेंदूंतील सिरोटोनिनचा सांठा रिता होतो.

आतां पाहा, तर्काची सांखळी कशी आपोआप जुळत गेली. एका औषधानें सांठा रिता होतो आणि मनुष्य खचतो. दुसऱ्या औषधानें त्या द्रव्याचा नाश थांबतो आणि मनुष्य उठून बसतो. १९६१ सालीं ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनीं तिसरी कडी जोडली: इमिप्रामिनमुळें नॉरॲड्रेनलिन मज्जातंतूंत परत शोषलें जात नाहीं, तें बाहेरच अधिक वेळ राहतें. १९६५ सालीं शिल्डक्राउट यांनीं या सर्वांवरून सिद्धांत मांडला कीं, विषादरोग म्हणजे या द्रव्यांची उणीव. शिल्डक्राउट यांनीं स्वतः तो सावधपणें मांडला होता. लोकांनीं मात्र तो टांकींतल्या पाण्यासारखा समजून घेतला. टांकी रिकामी झाली कीं विषाद, गोळीनें टांकी भरली कीं आरोग्य. गंमत अशी कीं, त्याच १९५५ सालीं लंडनमधील डेव्हिस व शेपर्ड या दोन डॉक्टरांना रिझर्पिननेंच कांहीं चिंताग्रस्त व विषण्ण रोग्यांस बरें वाटल्याचें आढळलें होतें. पण ज्या सांखळींत जी कडी बसत नाहीं, ती बाजूस टाकण्याची संवय विद्वानांसहि असते.

टांकीचा हा दृष्टांत एका साध्या गोष्टीपुढें लंगडा पडतो. गोळी पोटांत गेल्यावर कांहीं तासांतच मेंदूंतील त्या द्रव्यांवर तिचा परिणाम होतो. पण माणसाला बरें वाटावयास दोन, तीन, कधीं सहा आठवडे लागतात. टांकी आज भरली तर तहान महिन्यानें कां भागावी? १९७५ सालीं व्हेटुलानी व सुल्सर यांनीं उंदरांवरील प्रयोगांत असें दाखविलें कीं, हीं औषधें कांहीं आठवडे सतत दिलीं म्हणजे निरोप ऐकणारीं जीं मज्जापेशींवरचीं ग्रहणस्थानें, त्यांचा तिखटपणा कमी होतो. मोठ्यानें बोलणाऱ्या मास्तरांच्या वर्गांत मुलें कांहीं दिवसांनीं त्या आवाजाला दचकेनाशीं होतात, त्यांतलाच हा प्रकार. पुढें सिरोटोनिनच्या बाबतींतहि माँट्रियलच्या शास्त्रज्ञांना असेच फेरफार दिसले. यांतून निघणारा अर्थ मोठा चमत्कारिक आहे. मेंदूनें औषधाशीं जुळवून घेणें हा औषधाचा पराभव नव्हे. तेथूनच कदाचित् त्याचा गुण सुरू होत असावा. आणि तसें असेल, तर ‘सवय झाली म्हणून गुण गेला’ हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं थांबावें लागतें.

इमिप्रामिनच्या जातीच्या गोळ्यांनीं तोंड कोरडें पडे, बद्धकोष्ठ होई, हृदयावर ताण येई, आणि त्या प्रमाणाबाहेर घेतल्यास प्राणावर बेते. पुष्कळ रोगी त्या लौकर सोडून देत. १९८७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. तें प्रोझॅक या नांवानें घरोघर झालें, आणि त्याच्या मागोमाग त्याच जातीचीं सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन इत्यादि औषधें आलीं. हीं सोसावयास सोपीं. म्हणून वर्षांमागून वर्षें घेणारांची संख्या वाढली. तेव्हां गुण ओसरण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानें ऐरणीवर आला.

तसा तो त्यापूर्वींहि उठला होता. १९८३ सालीं मान नांवाच्या डॉक्टरांनीं मोनोअमाइन ऑक्सिडेज अडविणारीं औषधें दीर्घकाळ घेऊनहि पुन्हां आजारी पडलेल्या रोग्यांची तपासणी केली. अपेक्षा अशी असावी कीं, एन्झाइम पुन्हां मोकळें झालें असेल. तसें झालें नव्हतें. औषध आपलें काम पूर्वींइतकेंच करीत होतें, एन्झाइम दबलेलेंच होतें, आणि तरी रोग परतला होता. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतली ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. नळ चालू, टांकी भरलेली, आणि घरांत पाणी नाहीं!

१९९८ सालीं बर्न व रॉथ्सचाइल्ड यांनीं तोंवर प्रसिद्ध झालेले प्रयोग एकत्र करून पाहिले. गोळी चालू असतांनाच विषाद परत येण्याचें प्रमाण निरनिराळ्या प्रयोगांत शेंकडा ९ पासून ३३ पर्यंत निघालें. २००५ सालीं अमेरिकेंतीलच दुसऱ्या एका दीर्घ पाहणींत औषध चालू असलेले १७१ कालखंड तपासले, त्यांपैकीं ४३ कालखंडांत, म्हणजे चार पैकीं एकांत, हा प्रकार दिसला. याला टॅकिफायलॅक्सिस असें ग्रीक नांव देण्यांत आलें. शब्दांशीं जन्मभर खेळल्यामुळें मला येथें कुरकुर केल्यावांचून राहवत नाहीं: त्या नांवांत ‘त्वरेनें’ असा अर्थ आहे, आणि येथें तर महिने, वर्षें लोटतात. पण नांवाचा दोष क्षम्य आहे. खरा दोष असा कीं, एक नांव दिल्याबरोबर एकच कारण असावें असें वाटूं लागतें. त्या शेंकडा ९ ते ३३ माणसांत किती निरनिराळ्या जातीचीं माणसें बसलेलीं आहेत, तें आतां पाहूं.

औषधाच्या परीक्षेंत निम्म्या रोग्यांस खरी गोळी देतात, आणि निम्म्यांस तशीच दिसणारी पण औषध नसलेली. तिला प्लॅसिबो म्हणतात. विषादरोगांत या पोकळ गोळीनेंहि पुष्कळ जण सुधारतात. कोणी आशेनें, कोणी डॉक्टर आपलें ऐकून घेतात एवढ्यानेंच, कोणी रोगाचा भर आपोआप ओसरल्यामुळें. मग ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांच्यांतहि अशीं माणसें असणारच. तीं बरीं झालीं, श्रेय गोळीला मिळालें. पुढें आशेचा जोर संपला, तीं पुन्हां खालीं गेलीं, आणि अपयशहि गोळीच्याच पदरीं पडलें. जो गुण गोळीनें कधीं दिलाच नव्हता, तो तिनें गमावला कसा? न्यूयॉर्कचे क्विट्किन यांनीं १९९३ सालीं आणि ऱ्होड आयलंडचे झिमरमन यांनीं २००७ सालीं हाच मुद्दा मांडला. झिमरमन यांचा निष्कर्ष असा कीं, गोळी चालू असतांना परतणाऱ्या रोगाचा बराच भाग या सदरांत जातो, आणि खऱ्या अर्थानें औषध निकामी होण्याचें प्रमाण थोडें आहे.

दुसरी गोष्ट रोगाच्या स्वभावाची. हा रोग उलटणारा आहे, हें गोळ्या येण्याच्या अर्धशतक आधीं जर्मनींत क्रेपेलिन यांनीं शेंकडों रोग्यांच्या टिपणांवरून दाखविलें होतें. पावसाळ्यांत नदीला बंधारा घातला म्हणजे पूर थोपतो. पण एखाद्या वर्षीं बंधाऱ्याच्या डोक्यावरून पाणी जातें. त्यावरून बंधारा झिजला असें म्हणतां येत नाहीं, आणि बंधारा नव्हताच असें तर मुळींच म्हणतां येत नाहीं. २००३ सालीं गेडेस व त्यांचे सहकारी यांनीं ३१ प्रयोगांतील ४,४१० रोग्यांचा हिशेब केला. बरें वाटल्यावर ज्यांची गोळी काढून पोकळ गोळी दिली, त्यांच्यांत शेंकडा ४१ जणांचा रोग उलटला. ज्यांची खरी गोळी चालू ठेवली, त्यांच्यांत शेंकडा १८. इंग्लंडांत २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत दीर्घकाळ औषध घेणारे ४७८ रोगी होते. वर्षाच्या आंत गोळी सोडलेल्यांपैकीं शेंकडा ५६ आणि चालू ठेवलेल्यांपैकीं शेंकडा ३९ पुन्हां आजारी पडले. या दोन आंकड्यांकडे दोन्ही डोळ्यांनीं पाहावें. गोळी उपयोगी आहे हें ५६ व ३९ यांतील अंतर सांगतें. आणि गोळी घेऊनहि शंभरांतले ३९ आजारी पडले, हेंहि तितकेंच खरें.

तिसरें कारण अगदीं घरगुती आहे, आणि म्हणूनच तें विचारावयाचें राहून जातें. माझे एक सहकारी, चित्रकलेचे शिक्षक, या रोगानें दीड वर्ष पछाडलेले होते. गोळीनें ते इतके सुधारले कीं स्नेहसंमेलनाचे पडदे पुन्हां स्वतः रंगवूं लागले. दोन वर्षांनीं रोग परतला. ‘शरीर औषधाला सरावलें,’ असा निकाल आम्हां शिक्षकांच्या खोलींत एकमतानें लागला. मी त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां वहिनी हळूच म्हणाल्या, “भाऊजी, सवय लागूं नये म्हणून मीच सहा महिन्यांपासून एक दिवसाआड गोळी देत होतें. डॉक्टरांना नाहीं सांगितलें.” ज्या सवयीच्या भयानें गोळी निम्मी झाली, तिच्याच माथीं सारा दोष आला होता. पुन्हां रोजची गोळी सुरू झाल्यावर त्यांना उतार पडावयास तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत वहिनींनीं रात्रीं घराला आंतून कुलूप लावून किल्ली उशाखालीं ठेवली, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

अशीं आणखीहि कारणें आहेत. क्षयावरचें रिफॅम्पिसिन किंवा फेफऱ्यावरचें कार्बामाझेपिन चालू झालें, तर यकृत चेततें आणि विषादरोगावरचीं कांहीं औषधें लौकर जाळून टाकतें. गोळी तीच, पण रक्तांतलें प्रमाण कमी. थायरॉइड ग्रंथि मंदावली किंवा दारूचा नाद लागला तरीहि गुण ओसरल्यासारखा दिसतो. आणि कधीं मूळ निदानच निराळें असतें: आज विषाद व पुढें केव्हां तरी उन्माद, असा दुहेरी रोग असेल, तर त्याला औषधहि निराळें लागतें.

हें सगळें वजा घातल्यावर कांहीं उरतें काय? उरतें, असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे. मान यांचे रोगी या वजाबाकींतून सहजीं नाहींसे होत नाहींत. इटलींतील बोलोन्याचे फावा यांनीं १९९४ पासून असा विचार मांडला आहे कीं, औषध दीर्घकाळ चालू राहिलें म्हणजे मेंदू त्याच्या उलट दिशेनें जोर करूं लागतो, आणि कांहीं माणसांत तो जोर वरचढ होतो. हें सर्वांना मान्य नाहीं. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसानें त्यांत निवाडा करावा अशी माझी योग्यता नाहीं. पण एवढें दिसतें कीं, अफूप्रमाणें सर्वांना आणि सतत वाढती मात्रा लागणें असें येथें घडत नाहीं. पुष्कळ रोगी त्याच मात्रेवर वर्षानुवर्षें ठीक राहतात.

गुण ओसरलाच तर डॉक्टर काय करतात? प्रथम वरची वजाबाकी करतात, निदान करावी. मग कधीं मात्रा वाढवितात. फ्लुओक्सेटिनच्या २० मिलिग्रॅमवर पुन्हां आजारी पडलेल्या पुष्कळांस ४० मिलिग्रॅमनें उतार पडल्याचें १९९५ सालीं दिसून आलें. पण त्यालाहि मर्यादा आहे. २००४ सालीं टोरंटोच्या मेयर यांनीं मेंदूचीं चित्रें घेऊन दाखविलें कीं, या जातीच्या औषधांची नेहमींची लहान मात्राच आपल्या जागांपैकीं सुमारें शेंकडा ८० व्यापते. पुढें मात्रा दुप्पट केली तरी थोडीच भर पडते. कोणी दुसऱ्या जातीचें औषध देतात. कोणी जोडीला लिथियम देतात, ज्याची वाट माँट्रियलच्या द माँतिन्यी यांनीं १९८१ सालीं दाखविली. रोग्यानें आपल्या मनानें गोळी एकदम टाकणें हें मात्र दुप्पट घातक. कारण भोंवळ, चिडचिड, निद्रानाश हीं गोळी सुटल्याचीं लक्षणें आणि रोग परतल्याचीं लक्षणें यांची अशी सरमिसळ होते कीं डॉक्टरांसहि तीं निवडणें जड जातें.

गोळीवांचून रोगाला दूर ठेवण्याचा एक मोठा प्रयोग इंग्लंडांत झाला, त्याचा वृत्तांत २०१५ सालचा आहे. वारंवार विषादरोग झालेलीं, पण त्या वेळीं गोळीवर ठीक असलेलीं ४२४ माणसें घेतलीं. निम्म्यांची गोळी चालू ठेवली. निम्म्यांना आठ आठवडे सजगतेच्या ध्यानाचें व विचार पारखण्याचें शिक्षण दिलें, आणि हळूहळू गोळी उतरविण्यास मदत केली. दोन वर्षांत गोळीवाल्यांपैकीं शेंकडा ४७ आणि ध्यानवाल्यांपैकीं शेंकडा ४४ पुन्हां आजारी पडले. दोहोंतील हें अंतर इतकें थोडें आहे कीं, एक उपाय दुसऱ्याहून सरस ठरला असें प्रयोग करणारांनीं म्हटलें नाहीं. ज्यांना गोळी नको वा सोसत नाहीं त्यांच्यासाठीं दुसरी वाट आहे, एवढेंच म्हटलें. ती वाट डॉक्टरांच्या देखरेखीखालचीच होती.